अणदूरची एकटी तूर

माझ्या कामात प्रवास नाही. तुरीला मर आणणारी बुरशी आणि तूर, या दोघींचे जनुकसंच शेजारी शेजारी ठेवून कॉम्प्युटरवर वाचायचे, कुठे काय जुळतं आणि कुठे बिनसतं ते शोधायचं, हे माझं पुण्यातलं काम. कुणाला हे सांगितलं की माणसं आदराने मान डोलावतात आणि विषय बदलतात. माझ्या आईने तर कंटाळून शेजारणींना सांगून टाकलंय की ही बँकेत असते. रानात जाऊन नमुने आणणं हे आमच्यात एका सहकाऱ्याचं काम. नेमका तुरीच्या शेंगा भरायच्या दिवसांत तो स्कूटरवरून पडला, पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि धाराशिव जिल्ह्यात अणदूरला जायची पाळी माझ्यावर आली.

अणदूरच का, ते आधी सांगते. तिथल्या महादेवी नावाच्या एका शेतकरी बाईंनी आमच्याकडे फोटो पाठवला होता. काळं रान, उभी वाळून मेलेली तूर, आणि त्या सगळ्या मढ्यांच्या मधोमध एकच झाड हिरवंगार, शेंगांनी लगडलेलं. खाली लिहिलं होतं, हे का मेलं नाही?

मरीची बुरशी मातीत राहते. मुळातून आत शिरते, खोडातल्या पाणी वर नेणाऱ्या नळ्या बुजवून टाकते, आणि जमिनीत ओल असूनही झाड तहानेने जातं. एकदा रानात शिरली की वर्षानुवर्षं हलत नाही. अशा रानात एखादं झाड वाचलं तर दोन शक्यता असतात. एकतर ते नुसत्या नशिबाने वाचलं, बुरशी त्याच्या मुळाशी पोचलीच नाही. किंवा त्याच्या जनुकांत असं काहीतरी आहे, की बुरशी शिरायला लागली की त्याला चाहूल लागते आणि ते तिला अडवतं. यातलं खरं काय ते ठरवायला तीन गोष्टी लागतात. शेजारच्या मेलेल्या झाडातली बुरशी, जगलेल्या झाडाचं पान आणि जगलेल्या झाडाचं बी. पानावरून आम्ही अंदाज बांधू शकतो. पण ते बी रोगट मातीत पेरायचं आणि रोप जगतं का बघायचं, तेव्हाच अंदाज खरा की खोटा ते कळतं. बी नसेल तर सगळं मुसळ केरात.

अणदूर

सोलापूरला उतरून हैदराबाद रस्त्याची एसटी धरली. मी चिपळूणकडची. आमच्याकडे दोन डोंगरांच्या मध्ये जेवढं मावेल तेवढंच आभाळ असतं. इथे ते संपतच नव्हतं, आणि मला चक्क उघड्यावर बसल्यासारखं वाटत होतं. फाट्यावर महादेवी आणि त्यांचे यजमान शिवलिंगप्पा मोटारसायकल घेऊन थांबले होते. महादेवी पंचेचाळिशीच्या, चालताना बोलणाऱ्या आणि बोलताना हात चालवणाऱ्या. दोघं आपसात कानडी बोलतात, माझ्याशी मराठी. शिवलिंगप्पांच्या बाबतीत या दोन्ही भाषांचं फारसं काम पडत नाही. ते बोलतच नाहीत.

पहिल्याच जेवणात ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि तुरीची आमटी होती. आमटी इतकी चांगली होती की मी दोनदा वाढून घेतली. महादेवी मात्र वाटीकडे बघत ओशाळून म्हणाल्या, "डाळ दुकानची हाय. रागावू नका." मला आधी कळेचना. आमच्या घरी जन्मभर डाळ दुकानातूनच आली, त्यात मान खाली घालण्यासारखं काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं. मग हळूहळू उलगडलं. शिवलिंगप्पांच्या वडिलांच्या काळी ओढ्याकाठच्या त्या रानातली तूर आळीतली माणसं मागून न्यायची. त्या डाळीचं वरण म्हणजे वरण, असं लोक अजून सांगतात. त्याच रानात मर शिरली. गेली कित्येक वर्षं पेरायची आणि फुलावर आली की वाळताना बघायची, असं चाललंय. सोयाबीन होतं, ज्वारी होते, पोटाला कमी नाही. पण पाहुण्याच्या वाटीत विकतची डाळ वाढताना त्या बाईंचा हात अडखळतो. मला फार वाईट वाटलं. तिसऱ्यांदा आमटी मागायचा माझा विचार होता, तो मी सोडून दिला.

दुपारी रानात गेलो. जिच्यावर मी इतकी वर्षं काम करते ती मर मी त्या दिवशी पहिल्यांदा मातीत उभी राहून पाहिली. कॉम्प्युटरवर ती चार अक्षरांच्या लांबच लांब ओळी असते. इथे ती वाऱ्याबरोबर खुळखुळत होती, कारण वाळक्या झाडांवर वाळक्याच शेंगा लटकत होत्या, आत दाणा नसलेल्या. एक खोड चिरलं तर सालीखाली काळी रेघ, मुळापासून वरपर्यंत. बुरशीसाठी त्या खोडाचा तुकडा आणि त्याच्या मुळाशी असलेली माती मी पिशव्यांत भरून घेतली. मधोमध ते झाड. फोटोत दिसलं होतं त्याहून उंच. शेंगा भरल्या होत्या, पण पूर्ण वाळल्या नव्हत्या. बी जितकं झाडावर पिकेल तितकं चांगलं, म्हणून मी ठरवलं की शेंगा मी पुण्याला निघेन त्याच दिवशी तोडायच्या, परवा. दुसऱ्या दिवशी येळवस होती, मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी इकडे सगळा गाव रानात जेवतो, आणि येळवस सोडून पाहुणा गेला असं या घरात झालेलं नाही, असं मला बजावण्यात आलं होतं.

आता मी त्या झाडाशी जे जे केलं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. आम्ही झाडांना खुणेची फीत बांधतो. ती मी पुण्यात विसरले होते. गावातल्या दुकानात टिकेल आणि दुरून दिसेल असा एकच प्रकार मिळाला, लाल-पिवळा नाडा. तो मी बुंध्याला तीन वेढे देऊन बांधला. शेळ्या येऊ नयेत म्हणून चारी बाजूंना काठ्या रोवल्या. चपलेला लागलेल्या मातीबरोबर बुरशी एका रानातून दुसऱ्या रानात जाते, म्हणून झाडाजवळ चपला घालून कुणी यायचं नाही असं सगळ्यांना सांगितलं आणि स्वतःही अनवाणी झाले. बाटलीतलं सॅनिटायझर हातावर घेतलं, दोन्ही हात चोळले. मग झाडापुढे बसून, मान खाली घालून, अगदी हळुवार पानं खुडली आणि निळ्या मण्यांच्या नळीत ठेवली. हे मणी ओल शोषून घेतात. बांधावर शेजारच्या रानातल्या तीन-चार बायका उभ्या राहून बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघून हसले. त्याही हसल्या, पण जरा जपून.

येळवस

सकाळी गावात कुत्रंसुद्धा राहिलं नाही. खंडोबा त्या दिवसांत नळदुर्गला मुक्कामाला गेलेला असतो, त्यामुळे देवही गावात नव्हता. महादेवींच्या डोक्यावर आंबिलाचं मडकं, शिवलिंगप्पांच्या हातात टोपल्या, मागे मी. रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोप केली होती. आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. पूजा झाली, मग शिवलिंगप्पांनी आंबील शिंपडत रानाला फेरी घातली आणि कानडी-मराठीची मिसळ असलेली एक आरोळी ठोकली. त्या माणसाचा आवाज एवढा मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं.

जेवणाबद्दल थोडं सविस्तर लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. भज्जी म्हणजे भजी नव्हे. हिरव्या तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे दाणे आणि हाताला लागेल तो पाला बेसनात शिजवून केलेली घट्ट भाजी. तिच्याबरोबर बाजरीचे उंडे, शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर. वर आंबील. ताकात शिजवलेलं ज्वारीचं पीठ, लसणाचा वास असलेलं, थंडगार. आमच्या कोकणात सणाला पाहुणे बोलावतात ते मोजून, पानं मांडून. इथे रस्त्याने जाणाऱ्याला हाका मारून बसवत होते. आमचं झाल्यावर शेजारच्या खोपीत नेलं, तिथून तिसरीकडे. कुठेही नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. त्यानंतर माझं जे व्हायचं ते झालं. लिंबाखाली घोंगडी अंथरली होती, तिच्यावर मी आडवी झाले आणि गाढ झोपले.

उठले तेव्हा उन्हं उतरली होती. महादेवींच्या माहेरची आणि सासरची, दोन्हीकडची पाहुणेमंडळी येऊन जेवून गेलीही होती. मी डोळे चोळत झाडाकडे गेले. काठ्यांच्या बाहेर चपला काढल्याच्या खुणा होत्या. बुंध्याला हळदकुंकवाचा लेप होता, मुळाशी आंबील ओतलेलं होतं, उदबत्त्यांच्या काड्या मातीत खोचलेल्या होत्या. आणि झाडावर एकही शेंग नव्हती.

महादेवी मागून आल्या, त्यांनी झाड पाहिलं आणि तिथेच मातीत बसल्या. त्या दिवसभर खोपीत वाढण्यात गुंतल्या होत्या. बायका झाडाला हात जोडताना त्यांनी लांबून पाहिलं होतं, आणि बरंच झालं असं त्यांना वाटलं होतं, देवाचं झाड म्हटल्यावर कुणी जनावर घालणार नाही म्हणून. शेंगा तोडतील हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. बांधावरच्या बायकांपैकी एकीला बोलावलं. तिने न बिचकता सगळं सांगितलं. बाई पुण्याहून आल्या, त्यांनी नाडा बांधला, चपला काढायला लावल्या, बाटलीतलं तीर्थ हाताला लावून झाडापुढे बसल्या. सगळी तूर मेली आणि हे एकटं राहिलं, ते उगाच राहील का? मग येळवसेला आसपासच्या रानांत आलेल्या प्रत्येकाने, पोराबाळांनीसुद्धा, एकेक शेंग प्रसाद म्हणून नेली. ओरबाडून नाही, एकेकच, पाया पडून.

मी रागावले होते, आणि रागवायला समोर कुणी नव्हतं. शिवलिंगप्पा एवढंच म्हणाले, "नाडा तुमीच बांधला की ताई." त्यात टोमणा नव्हता. जे झालं ते त्यांनी सांगितलं. पानं माझ्याकडे होती, बुरशी होती, बी गेलं होतं. पुण्यात परत जाऊन मी त्या झाडाचा जनुकसंच कितीही वाचला असता, तरी त्यावरून बांधलेला अंदाज खरा ठरतो की नाही हे सांगायला आता काही उरलं नव्हतं. आणि महादेवी मातीत हात टेकून बसल्या होत्या, ते मला बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी घरोघरी फिरलो. प्रसाद कुणी साठवून ठेवत नाही, हे मला समजायला हवं होतं. बहुतेकांनी त्याच संध्याकाळी दाणे वाटून खाल्ले होते. एका घरी तर मला कौतुकाने सांगितलं की लई गोड दाणा होता. फक्त दोन शेंगा परगावी गेल्या होत्या. एक महादेवींचे भाऊ बसवराज येरमाळ्याला घेऊन गेले होते, दुसरी शिवलिंगप्पांची थोरली बहीण नीलावती तेरखेड्याला. फोन केले. दोघांनीही शेंग जपून ठेवल्याचं सांगितलं. मी पुण्याचं तिकीट सोडून दिलं. महादेवी पातळ बदलून आल्या आणि म्हणाल्या, चला.

येरमाळा

तुळजापूरला गाडी बदलली, धाराशिवला बदलली. प्रत्येक स्टँडवर महादेवी खाली उतरून पाय मोकळे करत होत्या आणि मला काहीतरी खायला घेऊन येत होत्या. कालच्या प्रकाराची भरपाई त्यांनी पेरूच्या फोडींपासून सुरू केली होती. मीही खात होते. वाटेत त्यांनी मला विचारलं की बुरशीलाही जनुकं असतात म्हणजे ती पण आपल्यासारखी आईबापाची असते का. मी म्हटलं, ही बहुधा एकटीनेच वाढते, तुरीला मात्र मधमाश्या कुठूनतरी बाप आणून देतात. यावर त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघून हसत होत्या.

बसवराज यांचं हायवेला चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे. ते आमची वाटच बघत होते. गल्ल्यामागे येडेश्वरीच्या तसबिरीपुढे ती शेंग लाल कापडावर ठेवलेली होती. छान टपोरी, वाळत आलेली. दोन-तीन गिऱ्हाइकं चहाचे कप घेऊन जवळ आली. बसवराजांनी ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मी नखाने शिवण उसवली. आत एक लठ्ठ हिरवी अळी होती आणि दाण्यांच्या जागी तिची घाण. शेंग पोखरून ती आतच आरामात राहिली होती.

बसवराजांचा चेहरा असा पडला की मलाच त्यांची समजूत घालावी लागली. त्यांना वाटत होतं, आपल्याच हातून काहीतरी अनाचार झाला. मी त्यांना सांगितलं की ही अळी झाडावर असतानाच शिरली असणार, त्यांचा काही दोष नाही. त्यांनी ती अळी बशीत घेतली, मागच्या परसात नेऊन सोडली, आणि आम्हाला गरम भजी खायला बसवलं. खरी भजी, कांद्याची. पैसे घ्यायला ते तयार होईनात. निघताना बहिणीला कानडीत काहीतरी म्हणाले. नंतर महादेवींनी सांगितलं, वन्सं देणार नाहीत असं म्हणतोय.

तेरखेडा

तेरखेड्याला हायवेच्या दोन्ही बाजूंना फटाक्यांची दुकानं आहेत, दिवाळी नसतानाही रंगीबेरंगी. जागोजागी बिडी-काडी विझवा म्हणून पाट्या. शिवकाशी हे नाव मी लहानपणापासून वाचत आले होते. आपल्याच मुलखात एक गाव हे काम करून जगतं, हे मला माहीत नव्हतं. नीलावतीबाई तिथेच एका कारखान्यात सुतळी गुंडाळायच्या कामाला जातात. साठीच्या आसपासच्या, काटक, भावासारख्याच लांब चेहऱ्याच्या. कामावरून नुकत्याच आल्या होत्या. हात धुतलेले होते, तरी नखांच्या कडांना रुपेरी भुकटी होती. नवरा वारलेला, मुलगा-सून पुण्याकडे चाकणला. घर एकटीचं, पण लखलखीत.

शेंग त्यांनी पदराच्या टोकाला बांधून ठेवली होती. चहा झाला, तब्येतीच्या चौकश्या झाल्या. मी कामाचं सांगितलं, मर म्हणजे काय, बी कशाला हवं, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. शांतपणे. मी पुन्हा सुरू केलं तर महादेवींनी माझा हात दाबला.

मला आधी वाटलं, प्रसादाचं आहे म्हणून देत नाहीत. तसं नव्हतं. त्या महादेवींकडे बघून बोलायला लागल्या.

"वैनी, बा गेल्यावर म्या तहसीलात जाऊन हक्कसोडाची सही केली. कुणी बळजबरी न्हाय केली. रानाचे तुकडे नकोत, म्हनून माझ्या हातानं केली. तुमी लुगडं नेसवलं, गोडाचं घातलं. पर त्या दिसापासून त्या रानात मी पावनी. येळवसेला यायचं, जेवायचं, जायचं. त्या रानातली तूर निंदत म्या लहानाची मोठी झाले. काल किती वर्सांनी त्या रानातलं माझ्या हाताला काय लागलं. ते बी तुमी मागाय आलाव."

महादेवी खाली बघत होत्या. मला तिथून उठून जावंसं वाटलं. मी एका झाडाचं बी मागायला आले होते आणि माझ्यापुढे एक मुलगी बापाच्या रानाबद्दल बोलत होती. हे बी कुणाचं, असा प्रश्न आमच्या कामात नेहमी निघतो. त्यावर बैठका होतात, वकील येतात. आजवर त्या बैठकांत मी चहा पीत बसले आहे. इथे पहिल्यांदा मला उत्तर खरोखर माहीत नव्हतं. मी एवढंच म्हटलं की तुमची इच्छा नसेल तर मी नेणार नाही. आणि ते मी मनापासून म्हटलं.

बाहेरून ट्रक जात होते. मग महादेवी म्हणाल्या, "मिरगाला या, वन्सं. तुमच्या हातानं पेरा. चाड्यावर मूठ तुमची."

यातलं मला जे समजलं ते नंतर, फाट्याकडे जाताना महादेवींनी सांगितलं तेव्हा. पेरणीच्या तिफणीवर एक लाकडी वाटी असते, ते चाडं. त्यात मुठीने बी सोडत चालायचं. रानात पहिली मूठ धरायचा मान घरच्या लक्ष्मीचा. अणदूरच्या त्या रानात लग्न होऊन आल्यापासून तो मान महादेवींचा होता, आणि तो त्या नणंदेला देत होत्या, नवऱ्याला न विचारता.

नीलावतीबाई हसल्या. हसणं काही फार खुशीचं नव्हतं. "आता चाडं कुठं ऱ्हायलंय? तुमी तर ट्याक्टरनं पेरता."

"तिफण हाय माळ्यावर," महादेवी म्हणाल्या. "मोडली न्हाय."

नीलावतीबाईंनी पदराची गाठ सोडली. शेंग माझ्याकडे दिली नाही, स्वतःच फोडली. मी वाकून बघितलं. अळी नव्हती. चार दाणे, तपकिरी, भरलेले. त्यातले दोन त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. दोन परत पदरात बांधले. मला म्हणाल्या, तुमचे तुमी पेरा, माझे म्या पेरते, बघू कुणाचं जगतंय ते. मग आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पिठलं-भाकरी केली. दोघी वैनी-वन्सं चुलीपुढे बसून कानडीत कुणाची तरी मनसोक्त निंदा करत होत्या आणि मी बाहेर ओट्यावर मुठीतले दोन दाणे पुन्हा पुन्हा बघत बसले होते. रात्र व्हायच्या आत पुण्याची गाडी मिळाली. महादेवी फाट्यापर्यंत सोडायला आल्या. शिवलिंगप्पांना काय सांगणार, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, सांगायला लागेल, तेच तर अवघड आहे.

पुण्यात

माझे दोन दाणे आम्ही अणदूरच्याच रोगट मातीत पेरले. दोन्ही उगवले. एक रोप वीतभर झालं आणि पानं गळाली, खोड चिरलं तर आत तीच काळी रेघ. दुसरं जगलं. दोघं एकाच आईची, एकाच शेंगेतली. पण मधमाशीने वेगवेगळे बाप आणले असतील, किंवा आईकडूनच एकाला जे मिळालं ते दुसऱ्याला मिळालं नसेल. तिघांचे जनुकसंच मी शेजारी शेजारी ठेवले, आई, मेलेलं आणि जगलेलं, आणि खाली त्यांना मारू पाहणाऱ्या बुरशीचा. एक जागा अशी सापडली आहे, जिथे आई आणि जगलेलं रोप जुळतात आणि मेलेलं वेगळं पडतं. एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही, हे मी स्वतःला रोज बजावते. अजून बरंच बी लागेल, बऱ्याच पिढ्या. पण त्या जागेवर बोट ठेवताना मला आता अक्षरं दिसत नाहीत, नखांच्या कडेची रुपेरी भुकटी दिसते.

तेरखेड्याच्या दोन दाण्यांचं काय झालं हे विचारायला मी फोन करत नव्हते. मला धीर होत नव्हता. महादेवींनी शिवलिंगप्पांना मुठीचं कसं सांगितलं, त्यावर काय झालं, काहीच कळलं नव्हतं. अणदूरहून मधूनमधून मेसेज यायचे ते पावसापाण्याचे.

जूनमध्ये एका सकाळी फोन आला. शिवलिंगप्पांचा. ते स्वतःहून फोन करतील असं कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. मागे वारा होता, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. म्हणाले, आक्का आली आहे, पेरणी झाली. माळ्यावरची तिफण काढली, साफ केली, चाडं बसवलं. बैल आता कुणाकडे नाहीत, ते शेजारच्या गावातून मागून आणले. तिफणीची पूजा झाली. आक्काने चाड्यावर मूठ धरली आणि त्यांनी स्वतः बैल हाकले, ओढ्याच्या कडेने, या बांधापासून त्या बांधापर्यंत.

मी विचारलं, दोनच दाणे होते ना?

"दोनच की."

त्या माणसाने दोन दाण्यांसाठी तिफण जुंपली होती. मी नको ते बोलले. म्हटलं, हाताने टोकले असते तरी चाललं असतं.

"चाललं असतं," शिवलिंगप्पा म्हणाले. "पर आक्का आलती ना."